हबल, वेब, चंद्रा, गाया की ॲस्ट्रोसॅट? खगोलशास्त्राचा प्रकल्प निवडताना

गोव्यात पदवीच्या आणि एमएस्सीच्या विद्यार्थ्यांचे प्रकल्प ठरतात ते नेमके पावसाळ्याच्या तोंडावर. जूनपासून सप्टेंबरपर्यंत आभाळ फाटलेलं असतं, मध्ये चवथीची सुट्टी येते, आणि पणजीच्या सार्वजनिक वेधशाळेत जायची खरी मजा त्यानंतरची. मग ज्याला दीर्घिका, तारकागुच्छ किंवा सुपरनोव्हा (ताऱ्यांचे स्फोट) यांवर काम करायचं आहे, त्याला अवकाशातल्या दुर्बिणींचा साठवलेला डेटा वापरणं हाच सरळ मार्ग. तो फुकट आहे. बहुतेक निरीक्षणं ज्यांनी मागितली त्यांच्याकडे ठरावीक मुदत राहतात, वेब आणि चंद्रा या दुर्बिणींच्या बाबतीत साधारण वर्षभर, आणि नंतर कुणालाही उतरवून घेता येतात.

अडचण निवडीची. बहुतेक विद्यार्थी आधी दुर्बीण ठरवतात (अर्थात वेब, कारण तिची चित्रं सगळीकडे झळकतात) आणि मग तिला शोभेल असा प्रश्न शोधत बसतात. माझ्या मते हे उलटं आहे. हातात एक लॅपटॉप आणि जेमतेम चार महिने असतील, तर आधी प्रश्न ठरवा. दुर्बीण त्याच्या मागून येते, आणि पुष्कळदा ती वेब नसते.

तारकागुच्छांसाठी

इथे माझं मत ठाम आहे: पहिलाच प्रकल्प असेल तर गाया. युरोपीय अवकाश संस्थेची ही दुर्बीण 19 डिसेंबर 2013 रोजी उडाली आणि जानेवारी 2025 मध्ये तिचं निरीक्षण थांबलं. तिच्याकडे भिंतीवर लावावं असं चित्र नाही, आहे ती एक अवाढव्य यादी. जून 2022 च्या तिसऱ्या प्रकाशनात सुमारे 180 कोटी ताऱ्यांची नोंद आहे, आणि त्यातल्या 146 कोटींहून अधिक ताऱ्यांचा पॅरलॅक्स, म्हणजे ज्यावरून अंतर काढता येतं तो कोन, आणि आकाशातली स्वगती दिलेली आहे.

उदाहरण म्हणून कर्क राशीतला एम67 हा खुला गुच्छ घ्या. त्याच्याभोवतीचं एका अंशाचं वर्तुळ मागितलं की हजारो ओळींची फाइल मिळते, पण आकार काही एमबीच. त्यात गुच्छातले तारे आणि मध्येच किंवा मागे असलेले परके तारे यांची सरमिसळ असते. गुच्छातले तारे एकत्र प्रवास करतात. एम67 चे तारे वर्षाला सुमारे 11 मिलिविकला सरकतात (विकला म्हणजे अंशाचा 3600 वा भाग, मिलिविकला त्याचाही हजारावा) आणि त्यांचा पॅरलॅक्स 1.15 मिलिविकलांच्या आसपास येतो. ही दोन गाळणी लावली की परके तारे गळून पडतात. उरलेल्यांचा रंग आणि प्रत (तेजाचं माप) यांचा आलेख काढला, की मुख्य क्रम (हायड्रोजन जाळणाऱ्या ताऱ्यांचा पट्टा) कुठे वळतो ते डोळ्यांना दिसतं आणि त्यावरून गुच्छाचं वय, सुमारे 4 अब्ज वर्षं, स्वतःच्या हाताने काढता येतं. प्रश्न, पद्धत, उत्तर आणि ताडून पाहायला प्रसिद्ध झालेला आकडा: प्रकल्पाला आणखी काय लागतं?

त्याच आलेखात वळणाच्या वर, डावीकडे काही तारे दिसतील. गुच्छाच्या वयाच्या मानाने त्यांनी केव्हाच म्हातारं व्हायला हवं होतं, तरी ते निळे आणि तरतरीत दिसतात. हे ब्लू स्ट्रॅगलर. त्यांचं कोडं सोडवायचं तर ॲस्ट्रोसॅटकडे वळा. श्रीहरिकोट्याहून 28 सप्टेंबर 2015 रोजी गेलेल्या या भारतीय उपग्रहावर यूव्हीआयटी ही अतिनील दुर्बीण आहे. अतिनील प्रकाशात साधे तारे मंदावतात आणि उष्ण श्वेत बटू (मेलेल्या ताऱ्यांचे उरलेले गाभे) उजळून दिसतात. ब्लू स्ट्रॅगलरच्या शेजारी असा बटू सापडला, की ब्लू स्ट्रॅगलरने या जोडीदाराचं द्रव्य ओढून तारुण्य मिळवलं असं म्हणायला आधार मिळतो. एम67 आणि एनजीसी 188 या गुच्छांवर भारतीय संशोधकांनी यूव्हीआयटीने हेच काम केलं आहे. गायाने सदस्य निवडा, यूव्हीआयटीने तपासा. जोडीने वापरायला याहून चांगल्या दोन दुर्बिणी मला तरी माहीत नाहीत.

एक सावधगिरी. यूव्हीआयटीची निकट-अतिनील बाजू मार्च 2018 मध्ये बंद पडली. त्यानंतरच्या निरीक्षणांत फक्त दूर-अतिनील प्रकाश मिळतो. दोन रंगांची तुलना करायची असेल तर निरीक्षणाची तारीख आधी पाहा, नाहीतर अर्धा महिना वाया जाईल.

बंदिस्त गुच्छांचा (लाखो ताऱ्यांच्या गोलाकार गुच्छांचा) गाभा मात्र गायाला झेपत नाही. तिथे तारे इतके दाटीवाटीने असतात की ते वेगळे काढता येत नाहीत. अशा ठिकाणी हबल. एप्रिल-मे महिन्यांत काणकोणच्या किनाऱ्यावरून रात्री दक्षिणेला पाहिलं तर क्षितिजापासून सुमारे 27 अंशांवर ओमेगा सेंटॉरी हा बंदिस्त गुच्छ पुसट ठिपक्यासारखा दिसतो. हबलच्या वीस वर्षांहून अधिक काळातल्या चित्रांवरून त्यातल्या 14 लाख ताऱ्यांची गती मोजली गेली आणि गाभ्याजवळ प्रमाणाबाहेर वेगाने धावणारे सात तारे सापडले. किमान 8200 सूर्यांइतक्या वस्तुमानाचं कृष्णविवर तिथे असावं, हा निष्कर्ष 2024 मध्ये आला. हे सगळं एका सत्रात पुन्हा करू नका. एकाच क्षेत्राची दहा वर्षांच्या अंतराने घेतलेली दोन चित्रं जुळवून काही ताऱ्यांचं सरकणं मोजलंत तरी पुष्कळ झालं.

सुपरनोव्हासाठी

अवकाश दुर्बिणी नवे सुपरनोव्हा शोधत फिरतात असा गैरसमज आहे. त्यांचं दृष्टिक्षेत्र चिंचोळं. शोध बहुतेक जमिनीवरून लागतात आणि मग या दुर्बिणी तिकडे वळवल्या जातात. मे 2023 मध्ये एम101 दीर्घिकेतला एसएन 2023आयएक्सएफ जपानी हौशी निरीक्षक कोइची इतागाकी यांनी टिपला. नंतर हबलच्या जुन्या चित्रांत तो फुटण्याआधीचा तारा शोधला गेला, आणि यूव्हीआयटीनेही त्याचं निरीक्षण केलं. तुमच्या प्रकल्पाच्या वेळेत जवळ असा स्फोट होईलच, यावर विसंबू नका.

स्फोटानंतरचे अवशेष मात्र कुठे पळून जात नाहीत. त्यांच्यासाठी चंद्रा घ्या. सुब्रह्मण्यन चंद्रशेखर यांचं नाव असलेली ही क्ष-किरण दुर्बीण जुलै 1999 पासून फिरते आहे. तिच्या सुरुवातीच्या लक्ष्यांत कॅसिओपिया ए हा अवशेष होता, आणि तिने तो पुन्हा पुन्हा पाहिला आहे. अंतर सुमारे 11,000 प्रकाशवर्षं. बाहेरचं कडं सेकंदाला ढोबळमानाने 5000 किलोमीटर वेगाने पसरतं. हिशेब केला तर वर्षाला 0.3 विकला, म्हणजे वीस वर्षांत 6 विकला. चंद्राच्या कॅमेऱ्याचा एक पिक्सेल अर्ध्या विकलेचा, म्हणून फरक बारा पिक्सेलांचा. 2000 सालचं आणि 2019 चं चित्र एकावर एक ठेवून हे लॅपटॉपवर मोजता येतं. शिवाय चंद्राच्या फाइलमध्ये प्रत्येक क्ष-किरण फोटॉनची जागा, वेळ आणि ऊर्जा स्वतंत्र नोंदलेली असते. त्यामुळे सिलिकॉन कुठे आहे आणि लोखंड कुठे, याचे नकाशे त्याच डेटातून निघतात. एक उणीव धरून चालावी लागते. कॅमेऱ्यासमोरच्या गाळणीवर वर्षानुवर्षं थर साचत गेल्याने कमी ऊर्जेच्या किरणांची संवेदनशीलता घटली आहे, म्हणून जुन्या-नव्या चित्रांतल्या तेजाची थेट तुलना करू नका.

वेबने कॅसिओपिया ए आणि एसएन 1987ए (1987 मध्ये दिसलेल्या सुपरनोव्हाचा अवशेष) दोन्ही पाहिले आहेत. दुसऱ्याच्या गाभ्यात न्यूट्रॉन तारा दडला असल्याचा भक्कम पुरावा 2024 मध्ये तिच्याच वर्णपटांतून मिळाला. पण ते वर्णपट उलगडायला अनुभवी मार्गदर्शक जवळ हवा. नसेल तर तिकडे न जाणं बरं.

दीर्घिकांसाठी

इथे यूव्हीआयटी, हबल आणि वेब या तिघींची खरी चुरस आहे. एनजीसी 628 ही सुमारे 3.2 कोटी प्रकाशवर्षांवरची सर्पिल दीर्घिका तिघींनीही पाहिली आहे, म्हणून तीच घेऊ. यूव्हीआयटीचं दृष्टिक्षेत्र 28 कलांचं (कला म्हणजे अंशाचा 60 वा भाग), जवळजवळ पूर्ण चंद्राएवढं. त्यामुळे अख्खी दीर्घिका एकाच चौकटीत बसते. पण तिची स्पष्टता दीड विकलेची, म्हणजे त्या अंतरावर 230 प्रकाशवर्षांहून लहान काही वेगळं दिसत नाही. हबलचा एक पिक्सेल तिथे 8 प्रकाशवर्षांचा पडतो, मात्र चौकट जेमतेम साडेतीन कलांची. वेब अवरक्त प्रकाशात धुळीच्या आत पाहते. जिथे हबलला काळे पट्टे दिसतात, तिथे तिला नुकते जन्मलेले गुच्छ दिसतात.

नवे तारे दीर्घिकेत कुठे जन्मतात आणि केंद्रापासून लांब जाताना ते प्रमाण कसं बदलतं, हा प्रश्न असेल तर यूव्हीआयटी पुरेशी आहे. एकेका गुच्छाचं वय हवं असेल तर हबल. धुळीचाच अभ्यास असेल तर वेब. महास्फोटानंतर तीसेक कोटी वर्षांनीच्या दीर्घिका पाहायच्या असतील तर वेबला पर्याय नाही, पण तिथे तुमच्या हाती येईल तो चारदोन पिक्सेलांचा लाल ठिपका. 2023 मध्ये उडालेल्या युक्लिड या युरोपीय दुर्बिणीचा मार्च 2025 चा संच चाळायला सुंदर आहे. 2.6 कोटी दीर्घिकांचा तो पसारा एकट्याने आवरत नाही, इतकंच.

राहिला प्रश्न व्यवहाराचा. गायासाठी टॉपकॅट (तक्ते हाताळायचं सॉफ्टवेअर) आणि एडीक्यूएल (यादीतून हवे ते तारे मागायची भाषा) यांची प्राथमिक ओळख पुरते. चंद्रासाठी सियाओ हे तिचं सॉफ्टवेअर शिकायला दोन आठवडे धरा. हबल आणि वेबची तयार जुळवलेली चित्रं मास्ट या ऑनलाइन संग्रहात मिळतात, पण वेबच्या फाइली गिगाबाइटांत जातात. सत्तरी तालुक्यातल्या गावात नेट रडतखडत चालत असेल तर त्या कॉलेजच्या जोडणीवरच उतरवा. ॲस्ट्रोसॅटचा डेटा इस्रोच्या संग्रहात खातं उघडून मिळतो. तो हाताळताना अडलात तर पुण्याच्या आयुका या खगोलशास्त्र संस्थेतल्या साहाय्य कक्षाला विचारता येतं, आणि तुमच्या मार्गदर्शकांनी यूव्हीआयटी कधी हाताळली नसेल तर तो पत्ता पहिल्या आठवड्यातच लिहून ठेवा.