ट्रान्झिशनमध्ये किती सामान न्यावे: भरगच्च बॅग की एक छोटा टॉवेल?

पाण्यातून बाहेर येऊन सायकल घेईपर्यंतचा आणि सायकल टांगून धावायला लागेपर्यंतचा वेळ, म्हणजेच टी-वन आणि टी-टू, पोहणे, सायकल आणि धावणे एकामागून एक करायच्या ट्रायथलॉन शर्यतीच्या एकूण वेळेतच धरला जातो. तरीही स्पर्धेच्या पहाटे ट्रान्झिशन एरियात, म्हणजे सायकली टांगून सामान ठेवण्याच्या जागेत, दोन पंथ दिसतात. एका पंथाचे लोक घर बदलायला निघाल्यासारखे बादली, पंप, दोन-तीन टॉवेल आणि मोज्यांच्या जोड्या घेऊन येतात. दुसऱ्यांच्या सायकलीखाली छोट्याशा टॉवेलवर धावण्याचे बूट, नंबराचा पट्टा आणि टोपी एवढेच असते.

जास्त सामान आणणाऱ्याची बाजू अगदीच लंगडी नाही. पोहण्याच्या चष्म्याचा पट्टा ऐन वेळी तुटू शकतो, आणि वेटसूट (थंड पाण्यात घालायचा रबरी पोशाख) घालता येईल की नाही, हे पाण्याचे तापमान स्पर्धेच्या दिवशी मोजल्यावरच नक्की होते. अडचण सामान आणण्यात नसून ते सगळे सायकलीभोवती मांडून ठेवण्यात आहे. असा स्पर्धक पोहून आल्यावर उपड्या बादलीवर बसतो, पायाचे एकेक बोट पुसतो, पावडर लावतो आणि ओलसर पावलावर मोजा चढवतो. मोज्याची टाच पावलाच्या वर आली की तो काढून पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करतो, आणि तोवर शेजारची रांग रिकामी झालेली असते. शेजाऱ्याच्या जागेवर टॉवेल पसरणे, आपली रांग सापडावी म्हणून फुगा बांधणे, हे प्रकारही याच पंथातले. ट्रायथलॉनच्या जागतिक संघटनेच्या नियमांनुसार जागेवर अशा खुणा करता येत नाहीत आणि पंच त्या काढून टाकतात. रांगा मोजून आणि एखादे झाड किंवा खांब लक्षात ठेवून काम भागते.

मोजके सामान नेणाऱ्याचा फायदा उघड आहे: निवड करायला काही नसते, त्यामुळे विचारात वेळ जात नाही. हेल्मेट घालून पट्टा लावायचा, मगच सायकल स्टँडवरून काढायची (हा क्रम चुकल्यास दंड होतो), सायकल ढकलत माउंट लाइनच्या (जिच्या पुढेच सायकलवर बसता येते त्या रेषेच्या) पुढे न्यायची आणि निघायचे. मात्र या पंथाचीही करमणूक कमी नाही. सायकलिंगचे बूट पेडलला आधीच अडकवून रबरबँडने आडवे धरून ठेवण्याची अनुभवी स्पर्धकांची युक्ती सरावाविना करणारा नवखा माउंट लाइनपुढे एका पायावर उड्या मारताना हमखास दिसतो. शिवाय ‘कमीत कमी सामान’ म्हणवणारी हीच मंडळी पहाटे बादलीवाल्याकडे पंप मागायला येतात. टी-टूमध्ये तर दोन्ही पंथ एक होतात, कारण हेल्मेट डोक्यावर तसेच ठेवून धावत सुटणारा कोणत्याही पंथाचा असू शकतो.

स्प्रिंट (750 मीटर, 20 किमी, 5 किमी) किंवा ऑलिंपिक अंतरासाठी (1.5 किमी, 40 किमी, 10 किमी) माझा कौल निःसंशय मोजक्या सामानाला आहे, फक्त 10 किमी धावायचे असेल तर मोजे असू द्यावेत आणि बुटांना इलॅस्टिकच्या नाड्या लावाव्यात. हाफ (1.9, 90, 21.1 किमी) किंवा पूर्ण अंतराला (3.8, 180, 42.2 किमी) हिशेब बदलतो, कोरडे मोजे आणि सनस्क्रीन यांवर घालवलेला एखादा मिनिट पुढे फोड आणि जळलेली कातडी टाळतो. अशा अनेक मोठ्या स्पर्धांत सायकल आणि धावणे यांसाठी वेगवेगळ्या पिशव्या आदल्या दिवशीच जमा कराव्या लागतात आणि कपडे बदलण्यासाठी तंबू असतो, त्यामुळे तिथे जी वस्तू आधी लागणार ती पिशवीत सर्वांत वर ठेवणे महत्त्वाचे ठरते.

जादा ट्यूबबाबत दोन्ही पंथांचे बरेचजण चुकतात: ती टॉवेलवर नव्हे, सायकलीला बांधून न्यावी, कारण पंक्चर रस्त्यावर होते. पंप मात्र स्वतःचा आणावा आणि हवा भरून झाल्यावर ट्रान्झिशनबाहेर सोबतीच्या माणसाकडे देऊन टाकावा.