क्विनोआचं बियाणं: पीक दणकट, पाकीट अर्धवट

क्विनोआ म्हणजे शिजवून खायचं बारीक दाण्याचं पीक, त्याच्या बियाण्याचं एक पाकीट आणून मी पेरलं. कोरडवाहू जमीन, पावसाचा भरवसा नाही आणि बाजार गाठायलाच अर्धा दिवस जातो, अशांनी हे बियाणं घ्यावं का एवढ्यापुरतं लिहितोय. माझं मत, घ्यावं, पण आख्ख्या रानात नको आणि माल कुठं जाणार ते पेरायच्या आधी ठरवून.

पाणी कमी लागतं हे अगदी खरं आहे. रोप लहान असताना ओल मिळाली की पुढं मुळं खोल जातात आणि पावसानं ताण दिला तरी पीक तग धरतं. दक्षिण अमेरिकेतल्या बोलिव्हियात उयुनीच्या मिठागराच्या कडेला, ३,६०० मीटरच्या वर, पाऊस तुटपुंजा आणि जमीन खारट असताना लोक हेच पीक पिढ्यानपिढ्या घेत आलेत, त्यामुळे खारवट पट्ट्यात दुसरं काही नीट येत नसेल तिथं हे लावून बघण्यासारखं आहे. पाणी साचणाऱ्या जागेत मात्र अजिबात नको, तिथं रोपं पिवळी पडून बसतात.

आता पाकीट. त्यावर वाण कुठल्या भागातला आहे तेच लिहिलेलं नाही आणि माझा खरा राग इथं आहे, कारण तिकडच्या अँडीज पर्वताच्या उंच भागातले बरेचसे वाण दिवस लहान असले तरच वेळेत फुलतात, मोठ्या दिवसांच्या प्रदेशात नेले तर नुसती पालेदार वाढ होते आणि दाणा पिकायच्या आत हंगाम संपतो. चिलीच्या किनारपट्टीकडच्या वाणांना हा त्रास कमी. शिवाय फुलोऱ्यात पारा ३५ अंशांच्या वर गेला की दाणे भरत नाहीत, म्हणजे पेरणीची तारीख फुलोऱ्यावरून मागं मोजत ठरवायची, हे विकणाऱ्यानं सांगायला नको का?

उगवण विरळ झाली. हे बियाणं उष्ण दमट गोदामात पडून राहिलं की लवकर मरतं आणि पाकिटावर उगवण चाचणीची तारीखच नव्हती. घेतल्या घेतल्या शंभर दाणे ओल्या कागदात गुंडाळून ठेवा, दोन दिवसात खरं खोटं कळतं. दाणा जेमतेम २ मिमीचा, त्यामुळे १-२ सेंटीमीटरच्या खाली गाडायचा नाही, आणि पेरल्यावर जोराची सर येऊन वर पापुद्रा धरला तर कोंब बाहेरच येत नाही. ओळीतच पेरा, फोकून नको. क्विनोआ हा चाकवताचा सख्खा भाऊबंद, कोवळेपणी दोघं इतके सारखे दिसतात की खुरपायला बसलेल्या बाईनं कोणतं उपटायचं आणि कोणतं ठेवायचं?

पण सगळ्यात मोठा मुद्दा काढणीनंतरचा आहे आणि त्याबद्दल कुणी बोलतच नाही. दाण्यावर सॅपोनिनचा कडू थर असतो, पाण्यात घातलं की साबणासारखा फेस येतो. उभ्या पिकात हा थर कामाचा, कारण कडवटपणामुळे पाखरं कमी बसतात. खायला किंवा विकायला मात्र तो काढावाच लागतो आणि धुवून काढायचा म्हटलं तर पाणी भरपूर लागतं, म्हणजे शेतात वाचवलेलं पाणी हौदात ओतायचं! दुष्काळी भागात हे परवडणारच नाही. घासून थर काढणारं यंत्र जवळपास असेल किंवा चारपाच जणांनी मिळून घेता येत असेल तरच पुढं जा, नाहीतर न साफ केलेल्या मालाला व्यापारी म्हणेल तो भाव घ्यावा लागतो.

एवढं असूनही मी याच्या बाजूनं आहे कारण माल टिकतो. चांगला वाळवून कोरड्या जागेत ठेवला तर भावासाठी थांबता येतं, खराब रस्त्यानं उशिरा पोचला तरी नासत नाही, आणि लांबच्या गावाला यापेक्षा मोठी सोय दुसरी नाही. ड्रॅगन फ्रूटलाही पाणी कमी लागतं पण फळ नाजूक, वर खांब-मांडवाचा खर्च. जोजोबा या तेलबियांच्या झुडपाचं बी टिकतं, पण पहिलं खरं उत्पन्न यायला काही वर्षं जातात आणि बियांपासून केलेल्या रोपांत निम्मी नर निघतात, त्यांना बी धरतच नाही. क्विनोआ एकाच हंगामात हिशोब दाखवतो.

भावाचं मात्र जपून. २०१३ हे संयुक्त राष्ट्रांनी क्विनोआचं वर्ष म्हणून पाळलं, तेव्हा भाव चढलेले होते, मग बऱ्याच देशांत लागवड वाढली आणि २०१४ नंतर भाव असे कोसळले की अँडीजमधल्या शेतकऱ्यांचेच हाल झाले. म्हणून नेहमीची ज्वारी-बाजरी मोडून हे लावू नका, शेजारी एक पट्टा द्या.

पिकाला पाचपैकी चार, या पाकिटाला दोन. पुढच्या हंगामात परत घेणार आहे पण दुसऱ्या विक्रेत्याकडून, आणि वाणाचं नाव, मूळ प्रदेश, उगवणीची टक्केवारी नि चाचणीची तारीख हे सगळं बिलावर लिहून देणार असेल तरच.