दांडिया बाजारातली जपानीची शिकवणी: एम.ए.चा अर्ज करायचा असेल तर इथे जा

बडोद्यात जपानी शिकवणारे क्लास आता बरेच झालेत. बुलेट ट्रेनचं काम सुरू झालं, मांडल-बेचराजीकडे जपानी कंपन्या आल्या, तशा पाट्याही वाढल्या. बहुतेक ठिकाणी जेएलपीटी या जपानी भाषेच्या परीक्षेच्या एन-५ (सगळ्यात सोपी पातळी, एन-१ सगळ्यात अवघड), फार तर एन-४ पर्यंत शिकवतात आणि पुढे कंपनीतली नोकरी बघायची असते. ज्यांना तेच हवंय त्यांच्यासाठी ते ठीक आहे. पण जपानी भाषा आणि संस्कृती घेऊन एम.ए. करायचं, तेही जपानमध्ये, असं मनात असेल तर दांडिया बाजारातल्या या शिकवणीला तोड नाही, असं मी स्वतः तिथे शिकून आणि तिथूनच अर्ज करून सांगते.

पाटी नाही. जुन्या घराचा पहिला मजला, अरुंद लाकडी जिना, वर बाईंची बसायची खोली. बाई मूळच्या इथल्याच. जपानी शिकल्या पुण्याला रानडे इन्स्टिट्यूटमध्ये, मग बरीच वर्षं कंपन्यांत दुभाषी म्हणून काम केलं. आम्ही सगळे त्यांना ‘बाई’च म्हणतो. सेन्सेई, म्हणजे जपानीत गुरुजी, असं म्हटलेलं त्यांना आवडत नाही, आणि नाव कुठे छापलेलंही आवडत नाही, म्हणून मीही लिहीत नाही.

इथे दोन वेगळी कामं चालतात. एक म्हणजे रोजची भाषा, आणि दुसरं, ज्यांना पुढे शिकायचंय त्यांच्या अर्जाची तयारी. भाषेबद्दल थोडक्यात सांगते, कारण खरं वेगळेपण दुसऱ्या कामात आहे. जेएलपीटीच्या एन-२ ला १८० पैकी ९० गुण लागतात आणि प्रत्येक भागात ६० पैकी निदान १९. या परीक्षेत बोलायला आणि लिहायला लावतच नाहीत. प्रमाणपत्र हातात असूनही सलग एक परिच्छेद लिहिता न येणारी मुलं असतात ती यामुळेच. म्हणून बाई दर आठवड्याला हाताने निबंध लिहून घेतात, चौकोनी खणांच्या कागदावर, आणि दुसऱ्या दिवशी परत देतात तेव्हा त्यावर त्यांचं लिहिणं आमच्यापेक्षा जास्त असतं. मला या निबंधांचा जितका उपयोग झाला तितका कुठल्याच गाइडचा झाला नाही.

आता अर्जाबद्दल. जपानमधल्या मानव्यशाखेच्या विभागांत बहुतेकदा आधी ‘केंक्युसेइ’ म्हणून जायचं असतं. म्हणजे सहा महिने ते वर्ष-दोन वर्षं पदवीशिवाय एका प्राध्यापकाच्या हाताखाली काम करायचं, मग प्रवेशपरीक्षा देऊन एम.ए.ला बसायचं. त्यासाठी त्या प्राध्यापकांनी आधी होकार दिलेला लागतो. त्यामुळे अर्जाचा फॉर्म ही शेवटची गोष्ट. खरी मेहनत संशोधनाच्या आराखड्यावर आणि त्या एका माणसाला लिहायच्या पहिल्या मेलवर असते. माझ्या मावसभावाने शहरातल्या एका सल्लागार कार्यालयात भरपूर पैसे मोजले होते. तिथून त्याला तयार आराखडा मिळाला, त्यात विद्यापीठाचं नाव तेवढं बदललेलं. असा कागद वाचून कोणता प्राध्यापक हो म्हणेल?

बाईंकडे याच्या बरोबर उलट पद्धत आहे. माझा विषय होता मेइजी काळातला (१८६८ ते १९१२) जपान आणि सयाजीराव महाराजांच्या बडोद्यातलं प्राथमिक शिक्षण. पहिल्या बैठकीत त्यांनी मला फक्त तारखा एका खाली एक लिहायला सांगितल्या. जपानचा शिक्षण कायदा १८७२. बडोदा संस्थानातल्या अमरेलीत सक्तीच्या शिक्षणाचा प्रयोग १८९३. जपानमध्ये प्राथमिक शाळेची फी बंद झाली १९००. बडोद्याच्या सगळ्या राज्यात सक्ती १९०६. जपानमध्ये सक्तीची मुदत चारवरून सहा वर्षं झाली १९०७. महाराजांची जपानभेट १९१०. मग त्या कागदाकडे बघत म्हणाल्या, ‘भेट शेवटी आली. म्हणजे जपान बघून बडोद्याने केलं, असं लिहिता येणार नाही. आता तुझा प्रश्न काय?’ पुढचे कितीतरी शनिवार त्या एका प्रश्नावर गेले. त्यांनी उत्तर सांगितलं नाही. जपानमध्ये १८७३ च्या दंगलींत लोकांनी शाळा जाळल्या, पाडल्या, ते वाचायला लावलं. बडोद्यात मूल शाळेत न पाठवणाऱ्या पालकांना दंड होता, त्याचे कागद कुठे मिळतील ते शोधायला लावलं. शेवटी माझा विषय झाला: सक्ती आल्यावर गरीब घरांनी काय केलं, दोन्हीकडे. हा विषय माझा आहे, आणि मुलाखतीत कोणी कसाही प्रश्न विचारला तरी मला त्यावर बोलता येतं.

आणखी एक गोष्ट बाईंनी दाखवली, ती बडोदेकर मुलामुलींनी जरूर लक्षात घ्यावी. आपल्याकडे काय आहे जे तिकडच्या विद्यार्थ्याकडे नाही? माझ्या आजोबांनी मला मोडी शिकवली होती. मराठी घरचीच, गुजराती शाळेपासूनची. बाई म्हणाल्या, ‘हे तिसऱ्या ओळीत लिही, शेवटच्या परिच्छेदात नको.’ आराखड्यात मी लिहिलं की संस्थानच्या काळातली मराठी, मोडी आणि गुजराती कागदपत्रं मला मुळातून वाचता येतात. ज्या प्राध्यापकांनी होकार दिला त्यांच्या उत्तरात सगळ्यात आधी याच वाक्याचा उल्लेख होता.

मेल लिहिण्याआधी त्यांच्या घरच्या जुन्या लॅपटॉपवर बसून प्राध्यापक शोधायचे. रिसर्चमॅप या जपानी साइटवर प्रत्येकाच्या कामाची यादी असते, जे-स्टेज आणि साइनी या संशोधनलेखांच्या साइटवर बरेच लेख फुकट वाचता येतात, आणि मेइजी काळातली पुस्तकं राष्ट्रीय डाएट (म्हणजे जपानची संसद) ग्रंथालयाच्या डिजिटल संग्रहात घरबसल्या मिळतात. नियम असा, की ज्यांना लिहायचं त्यांचे निदान दोन लेख पूर्ण वाचलेले हवेत, आणि मेलमध्ये त्यातल्या एका मुद्द्यावर स्वतःचं काही म्हणणं हवं. एका वेळी एकाच विद्यापीठातल्या एकालाच लिहायचं. विषयाच्या ओळीत नाव आणि कारण. अचानक मेल करत असल्याबद्दल क्षमा मागून सुरुवात, मग मी कोण, मग का तुम्हीच. मेल बाईंसमोर मोठ्याने वाचून दाखवायचा आणि जिथे जीभ अडखळेल ते वाक्य मोडून पुन्हा लिहायचं. माझ्या मेलमधलं एक आदरार्थी क्रियापद त्यांनी इतक्या वेळा बदललं की शेवटी ते काढूनच टाकलं, आणि वाक्य सरळ झालं.

पैशांबद्दल त्या कोणाला अंधारात ठेवत नाहीत, हे मला फार आवडलं. पहिल्याच महिन्यात वहीत आकडे लिहून घेतात. बहुतेक राष्ट्रीय विद्यापीठांत केंक्युसेइची प्रवेश फी ८४,६०० येन आणि महिन्याची फी २९,७०० येन. एम.ए.ला प्रवेश फी २,८२,००० आणि वर्षाला ५,३५,८०० येन, काही विद्यापीठांनी आता ती वाढवलीही आहे. विद्यार्थी म्हणून परवानगी घेऊन आठवड्याला २८ तास काम करता येतं, पण त्यावर घर चालेल असं धरू नका, असं त्या आईवडिलांसमोर सांगतात. माझ्या बाबांना त्यांनी मुद्दाम बोलावून घेतलं होतं. जपान सरकारच्या मेक्स्ट शिष्यवृत्तीचा अर्ज दूतावासामार्फत साधारण एप्रिल-मेमध्ये निघतो. त्यात लेखी परीक्षा, मुलाखत आणि मग विद्यापीठाचं पत्र हे टप्पे असतात. त्याची तयारी त्या करून घेतात, पण फक्त त्याच्या भरवशावर राहू देत नाहीत.

आणि जपानच हवं असा त्यांचा हट्ट नाही. माझ्याबरोबरच्या एका मुलीला त्यांनी दिल्लीच्या जेएनयूच्या एम.ए.साठी सीयूईटी या प्रवेशपरीक्षेची तयारी करायला सांगितलं, दुसऱ्या एकाला पुण्याच्या टिळक महाराष्ट्र विद्यापीठात जायला. शांतिनिकेतनच्या निप्पोन भवन या जपानी विभागाबद्दलही त्यांच्याकडूनच कळलं. भाषा अजून एन-३ च्या आसपास असेल तर घाईने जपान गाठण्यापेक्षा इथे दोन वर्षं नीट शिकून गेलेलं बरं, हे त्यांचं मत, आणि मला ते पटतं.

कमी काय आहे तेही सांगते. ऐकण्याचा सराव इथे पुरेसा होत नाही. जुन्या स्पीकरवर रेकॉर्डिंग लावतात, रस्त्यावरचे हॉर्न त्यात मिसळतात. एन-२ चं ऐकणं मला घरी स्वतःच करावं लागलं. व्हॉट्सअॅपवर उत्तर मिळत नाही, काही विचारायचं तर जिना चढून जावं लागतं. गणपतीत आणि नवरात्रात शिकवणी बंद, मग तुमची अर्जाची मुदत त्याच आठवड्यात का असेना. ते दिवस आधीच धरून कागद तयार ठेवा. व्हिसाच्या कामात त्या पडत नाहीत. आणि ज्यांना तीन महिन्यांत सगळं उरकायचंय त्यांना त्या पहिल्याच दिवशी नाही म्हणतात.

शिफारसपत्रांचं त्यांनी सांगितलेलं मात्र जरूर ऐका. युनिव्हर्सिटीतल्या सरांकडे हात हलवत जाऊ नका. आपला आराखडा, गुणपत्रिका आणि तुम्ही त्यांच्या तासाला लिहिलेला एखादा निबंध एका फाइलमध्ये घालून द्या, म्हणजे सरांना लिहायला काही तरी हातात असतं. माझ्या सरांनी त्या निबंधातला एक मुद्दा पत्रात घेतला. ट्रान्सक्रिप्टसाठी (विद्यापीठाच्या अधिकृत गुणपत्रकासाठी) मात्र खूप आधी अर्ज टाका.

माझं विद्यापीठाचं स्वीकृतीपत्र आलंय, एप्रिलपासून केंक्युसेइ म्हणून. जपानच्या इमिग्रेशनचं सर्टिफिकेट ऑफ एलिजिबिलिटी, म्हणजे व्हिसाआधी लागणारं पात्रतेचं प्रमाणपत्र, यायचंय. ते आलं की व्हिसा.

जुलै आणि डिसेंबरच्या पहिल्या रविवारी जेएलपीटी असते, त्यामुळे नवीन मुलं त्या दोन परीक्षांनंतर घेतात. अर्जाच्या तयारीसाठी एका वेळी चार-पाचच जण. जाताना स्वतःच्या हाताने, मराठीत का होईना, एक पान लिहून न्या की तुम्हाला नक्की काय जाणून घ्यायचंय. ते वाचल्याशिवाय बाई फीचं बोलत नाहीत. आणि दुपारी चारच्या आधी जाऊ नका, त्यांची झोपायची वेळ असते.