एक रस्ता, दोन उमेदवार

अमेरिकेतल्या व्हर्जिनिया राज्याच्या प्रतिनिधीगृहाच्या १३व्या मतदारसंघात २०१७ साली लढत होती रिपब्लिकन बॉब मार्शल आणि डेमोक्रॅट डॅनिका रोम यांच्यात.

मार्शल १९९२पासून आमदार. गर्भपाताला विरोध, समलिंगी विवाहाला विरोध, आणि २०१७मध्येच आणलेलं स्वच्छतागृहाचं विधेयक: कोणी कुठल्या स्वच्छतागृहात जायचं ते जन्मावेळच्या लिंगावरून ठरावं म्हणे. ते समितीतच बारगळलं.

रोम मूळच्या स्थानिक पत्रकार, आणि ट्रान्सजेंडर स्त्री. मार्शलांच्या सगळ्या मुद्द्यांचं आयतं लक्ष्यच. पण डोक्याला इंद्रधनुषी रुमाल बांधून त्या दारोदार फिरल्या त्या रूट २८चं गाऱ्हाणं घेऊन. त्या रस्त्यावरची वाहतूक कोंडी सोडवा, हा पहिला मुद्दा. मग शिक्षकांचे पगार, मेडिकेडचा (कमी उत्पन्नवाल्यांसाठीच्या सरकारी आरोग्यविम्याचा) विस्तार. रोज कामावर जाताना गाडीत अडकून बसणाऱ्याला तत्त्वज्ञानापेक्षा सिग्नल जवळचा वाटणारच!

मार्शलांनी समोरासमोर वादविवाद नाकारला. इतक्या वर्षांच्या आमदाराने नवख्या उमेदवारासमोर यायला कचरावं, हे मला तरी अनाकलनीय वाटतं.

निकालात रोम यांना सुमारे ५४ टक्के मतं, मार्शलांना ४६. अर्थात ट्रम्प निवडून आल्यानंतरचं ते वर्ष. राज्यभर डेमोक्रॅटांची लाट होती, तेव्हा सगळं श्रेय रस्त्याला देता येणार नाही. मेडिकेडचा विस्तार २०१८मध्ये मंजूर झाला. आणि रोम २०२३ साली राज्याच्या सेनेटवर निवडून आल्या.