भंडारदऱ्याचा फेरा, भाड्याची ग्रॅव्हल बाईक आणि न बसणारा पंप

माझी उंची पाच फूट एक इंच. भंडारदऱ्याच्या सायकल फेरीचं बुकिंग करताना आयोजकांनी ती विचारली, मी सांगितली, पलीकडून ‘लिहून घेतलं ताई’ असंही आलं. नोव्हेंबरातल्या शनिवारी सकाळी साडेसातला भंडारदऱ्याजवळच्या शेंडीत पोचले तर माझ्यासाठी ५४ सेंटिमीटर मापाच्या फ्रेमची सायकल उभी. दांडीच्या दोन्ही बाजूंना पाय टाकून उभी राहिले तर टाचा अधांतरी. सीट पार खाली घातली, ती दांड्यात जाऊन बसली, तरी पेडल खाली गेलं की मला पायाची बोटं ताणावी लागत होती. शेवटी भाच्याने त्याची ५२ची मला दिली आणि तो माझ्या ५४वर बसला. तो पावणेसहा फुटाचा असल्यामुळे त्याचं भागलं. मला ती ५२सुद्धा मोठीच, पण निदान थांबल्यावर कोलमडत नव्हते.

दोन दिवस, एक रात्र. सायकल, हेल्मेट, सोबत वाट दाखवणारा, सामान नेणारी गाडी, घाटघरला गावातल्या घरात मुक्काम आणि चार वेळचं खाणं, माणशी ७,२०० रुपये. आयोजकांचं नाव मुद्दाम देत नाही, कारण वाईट जे लिहिणार आहे ते त्यांच्या सामानाबद्दल आहे आणि चांगलं जे आहे त्यातलं निम्मं श्रेय डोंगराचं आहे. मी नाशिकची, शाळेत विज्ञान शिकवते, आठ वर्षं माझ्या हायब्रिडवर (रोड आणि माउंटनच्या मधली सायकल) दर रविवारी गंगापूर धरणाकडे जाते. ग्रॅव्हल बाईक पहिल्यांदाच.

ज्यांनी ती पाहिली नाही त्यांच्यासाठी: हँडल रेसच्या सायकलसारखं वाकडं, टायर मात्र चांगले ४० मिलिमीटरचे, खडबडीत, आणि ब्रेक डिस्कचे. डांबरावर पळते, मुरमावर घाबरत नाही. भंडारदऱ्याच्या जलाशयाभोवतीचा रस्ता अगदी याच जातीचा आहे. मुरशेत, पांजरे, उडदावणे करत घाटघर, तिथून साम्रद, रतनवाडी आणि कोलटेंभे, मुतखेलवरून परत शेंडी. नकाशावर डांबरी आहे. पण या भागात वर्षाला पाच-पाच हजार मिलिमीटर पाऊस पडतो, त्यापुढे डांबर काय टिकणार? मध्येच झुळझुळीत काळा रस्ता, मध्येच नुसती उघडी खडी, मध्येच मोरीवरून वाहून आलेली वाळू. शिवाय आमच्या वाटाड्याने फेऱ्याच्या रस्त्यावरून पाण्याकडे उतरणाऱ्या चार गाडीवाटा धरल्या. त्या आडवाटा मिळून माझ्या मीटरवर दोन दिवसांत ६१ किलोमीटर झाले. आकडा ऐकून कुणाला हसू येईल. त्याने यावं.

मुरशेत ओलांडेपर्यंत माझे दोन्ही तळवे बधिर झाले होते. खडीवर सायकल उसळत होती, चष्मा नाकावर नाचत होता. भाचा मागून म्हणाला, ‘‘मावशी, हे टायर दगडासारखे आहेत.’’ उतरून अंगठ्याने दाबलं तर खरंच ढिम्म. कुणीतरी रोडच्या सायकलीला भरतात तशी साठ-पासष्ट पीएसआय हवा ठासून ठेवली होती. ज्या टायरसाठी एवढे पैसे मोजायचे तो टायर असा लाकडी करून टाकायचा! वाटाड्या मुतखेलचा पोरगा, वीस-बावीसचा. तो हसला, व्हॉल्व्हचं टोपण काढलं, पिळून टोक सैल केलं आणि फुस्स, फुस्स करत दर दोन फुसक्यांनी दाबून बघत राहिला. ‘‘ताई, अंगठा जरा आत गेला पाहिजे. पिकत आलेल्या आंब्यासारखा.’’ घरी आल्यावर माझ्या हायब्रिडच्या पंपावर तेवढाच दाब करून पाहिला, पस्तीसच्या जवळपास भरला. त्यानंतर ती सायकल म्हणजे वेगळीच वस्तू. खडीवरून जाताना आवाज येतो, हादरा येत नाही. हे त्याला माहीत होतं, मग सकाळी सायकली देतानाच का नाही केलं? तर म्हणे सायकली शहरातून येतात, त्याचा त्यांच्याशी संबंध नाही, त्याचं काम पुढे चालण्याचं.

पाण्याबद्दल थोडं. विल्सन धरणाचं, म्हणजे भंडारदऱ्याच्याच धरणाचं, काम १९१० साली सुरू झालं आणि १९२६ साली ते पुरं झालं, प्रवरेवर, ८२ मीटर उंच. क्षमता ११ हजार ३९ दशलक्ष घनफूट. नोव्हेंबरात पातळी चांगली असते आणि गवत सोनेरी व्हायला लागलेलं असतं. पावसाळ्यात धबधबे बघायला जी झुंबड उडते, मे-जूनला काजव्यांसाठी रात्रीच्या गाड्यांची जी रांग लागते, त्यातलं काही नाही. पांजऱ्याच्या पुढे एका गाडीवाटेने आम्ही थेट काठापर्यंत उतरलो. समोर रतनगड, त्याच्या माथ्यावरचं नेढं सुईच्या भोकासारखं आरपार दिसत होतं. माझी फ्रीव्हीलची टिकटिक थांबली आणि पलीकडच्या काठावर कुणीतरी बैलाला शिव्या घालत होतं ते शब्दन्‌शब्द ऐकू आलं.

पंक्चर उडदावण्याच्या पुढे झालं. बाभळीचा काटा, माझंच मागचं चाक. वाटाड्याने पाच मिनिटांत चाक काढलं, ट्यूब बदलली, आणि मग पंप काढला. पंपाचं तोंड मोटरसायकलच्या जाड व्हॉल्व्हचं. आमच्या ट्यूबला प्रेस्टा, बारीक. मधे लावायचं पितळी कॅप असतं, वीस-तीस रुपयांचं, ते पिशवीत नाही. सामानाची गाडी पुढे घाटघरला गेलेली, फोनला रेंज नाही. भाचा सायकल घेऊन पुढे पळाला आणि आम्ही वाट बघत बसलो, एक तास दहा मिनिटं.

तक्रार तिथेच संपली असती तर बरं, कारण तो तास वाईट गेला नाही. रस्त्याला लागून खळं होतं, भाताची झोडणी चालली होती. एक बाई पेंढी दोन्ही हातांनी धरून फळीवर आपटायची, तिसऱ्या आपट्याला दाणे संपायचे, चौथा आपटा नुसता खात्रीसाठी. मी विचारलं, काळभात (इथला सुवासिक तांदूळ) का? ‘‘काळभात घरापुरता,’’ त्या म्हणाल्या, ‘‘हे विकायचं.’’ मग माझ्या सायकलकडे बघून, ‘‘बाई, एवढी महागाची गाडी आन्‌ हवा नाय?’’ मला यावर काही बोलता आलं नाही.

मुक्कामाला दहापैकी दहा. गादी जाड, गोधडी धुतलेली, संडास स्वच्छ, आंघोळीला चुलीवरचं पाणी. संध्याकाळी घाटघरच्या कोकणकड्यावर गेलो, खाली शहापूर तालुक्यातले दिवे लागत होते. इथे वर एक धरण आणि कड्याच्या तळाशी चोंढ्याला दुसरं. विजेची मागणी कमी असते तेव्हा पाणी खालून वर चढवायचं, मागणी वाढली की तेच खाली सोडून वीज करायची. १२५ मेगावॉटचे दोन संच, मिळून २५०. नववीच्या पोरांना स्थितिज ऊर्जा शिकवताना मी वर्षानुवर्षं फळ्यावर पाण्याची टाकी काढते. यंदापासून घाटघर काढीन.

दुसऱ्या दिवशी साम्रदपर्यंत सगळा चढउतार. सांदण दरीकडे जाणाऱ्या ट्रेकवाल्यांच्या गाड्यांनी तिथला रस्ता धुळीने भरलेला होता, तेवढा भाग नाकाला रुमाल लावून काढला. सायकलचा सगळ्यात हलका गिअर मात्र हलका होता, हे नोंदवायला हवं. माझ्या हायब्रिडवर मी तो चढ ढकलत नेला असता. उतारावर डिस्क ब्रेक दोन बोटांनी लागत होते. ५२च्या फ्रेमवरून ब्रेकपर्यंत माझी बोटं पुरत नव्हती, ती गोष्ट वेगळी.

रतनवाडीला अमृतेश्वराचं देऊळ बघायला अर्धा तास ठेवला होता, तो मी भांडून एक तास करून घेतला. भिंतीवरची नक्षी हाताने चाचपत फिरणारी आजी, पुष्करणीच्या कोनाड्यांतल्या मूर्तींवर पडलेलं तिरपं ऊन, आणि भाचा पायऱ्यांवर बसून मोजे वाळवतोय. जेवण जवळच्या घरी होतं. नाचणीची भाकरी, हुलग्याचं पिठलं, पाट्यावरचा ठेचा आणि शेवटी काळभाताचा भात. आदल्या दिवशी नुसता उल्लेख ऐकला होता, वाफ आल्याबरोबर वासावरून ओळखला. भाच्याला गावठी कोंबडी हवी होती. ती आदल्या दिवशी सांगावी लागते आणि आयोजकांनी आम्हाला ते सांगितलं नव्हतं. तो अजून कुरकुरतो.

कोलटेंभ्यापासून शेंडीपर्यंत पाणी सोबत असतं आणि वाट सोपी. तिथे घाई करू नका, एवढंच. जाणार असाल तर अभयारण्याची पावती वेगळी फाडावी लागते, ती त्या ७,२०० मध्ये धरलेली नव्हती. पाच फूट चारच्या आतल्या बायकांनी ४८ किंवा त्याहून लहान फ्रेम आहे का ते फोटोसकट विचारावं, नुसत्या ‘हो’वर जाऊ नये.

सोमवारी आयोजकांचा फोन आला, कसं वाटलं विचारायला. मी सगळं सांगितलं. पलीकडे जरा वेळ शांतता. मग, ‘‘ताई, पंपाचं खरं सांगू का, गाडीत दोन आहेत, चुकून तो गेला.’’ मी म्हटलं, दादा, दोन्हींची तोंडं तपासा. रात्री त्यांच्याकडून एक फोटो आला. टेबलावर शेजारी शेजारी ठेवलेले दोन पंप, दोन्ही जाड तोंडाचे.