रायडिंग मॉवरचं इंजिन तापतंय: नुसती हवा मारायची की कव्हर उतरवून साफ करायचं?

रायडिंग मॉवरचं, म्हणजे वर बसून चालवायच्या गवत कापायच्या यंत्राचं, एअर-कूल्ड (हवेने गार होणारं) इंजिन तापायला लागलं की 'फिन्स', म्हणजे सिलिंडरवरच्या उष्णता बाहेर टाकणाऱ्या पातळ पट्ट्या, 'साफ करा' असं सगळेच सांगतात, पण साफ करायचं म्हणजे कसं यावर फार कोणी बोलत नाही. एक प्रकार म्हणजे कॉम्प्रेसरची नाहीतर लीफ ब्लोअरची हवा वरच्या जाळीतून आणि बाजूच्या फटींतून मारायची, पाच-दहा मिनिटांत काम संपलं. दुसरा म्हणजे फ्लायव्हीलवरचं (इंजिनाबरोबर फिरणाऱ्या, पंखा असलेल्या जड चाकावरचं) मोठं कव्हर आणि सिलिंडरभोवतीचे पत्रे उतरवायचे आणि फिन्स हाताने मोकळ्या करायच्या. मी दोन्ही करतो, दोन्हीची आपापली जागा आहे, पण माझा कल कुठे आहे ते वाचताना कळेलच.

त्याआधी इंजिन खरंच तापतंय का हे नक्की करून घ्या. थंड असताना एका सेल्फमध्ये चालू होतं, अर्धा-पाऊण तास गवत कापलं की पिकअप जातो, चढावर दम टाकतं, मग बंद पडतं आणि थंड होईपर्यंत परत चालू होत नाही, ही लक्षणं तापलेल्या इंजिनाची आहेत पण गरम झाल्यावर स्पार्क देणं बंद करणाऱ्या कॉइलचीही अगदी हीच असतात, आणि पेट्रोल टाकीच्या झाकणाचं हवेचं भोक बुजलं असेल तरी असंच होतं. म्हणून बंद पडल्या पडल्या, थंड व्हायच्या आत, झाकण सैल करून बघायचं आणि स्पार्क टेस्टर लावून बघायचं. स्पार्क व्यवस्थित आहे, पेट्रोल येतंय, वर जळक्या ऑइलचा वास आहे, कव्हरचा रंग एका बाजूला भाजल्यासारखा झालाय, ऑइलची लेव्हल नेहमीपेक्षा लवकर उतरतेय, तर मग तापतंयच असं धरून चाला.

आता हवा मारण्याबद्दल. ही पद्धत वाईट अजिबात नाही. पाना लागत नाही, काही मोडायची भीती नाही, आणि मुख्य म्हणजे माणूस ते खरंच दरवेळी करतो. जाळीवर चिकटलेलं गवताचं ताजं कातण, मफलरजवळ (धूर बाहेर सोडणाऱ्या डब्याजवळ) साठलेला वाळका पाला, डेकवरचा (पाती झाकणाऱ्या खालच्या पत्र्यावरचा) भुसा हे सगळं निघून जातं, आणि मफलरजवळचा पाला निघणं हे तर आग लागू नये म्हणूनही महत्त्वाचं. नवीन मॉवर असेल, कुठे ऑइलचा पाझर नसेल आणि कापायचं गवत फार उंच किंवा फार वाळलेलं नसेल तर बराच काळ तेवढ्यावर भागू शकतं. इंजिन थंड झाल्यावर मारा एवढंच.

माझं घोडं अडलं ते वेगळ्याच ठिकाणी. हवा मारून झाल्यावर साफ झालं की नाही हे कळतच नाही. समोरून जाळी चकाचक दिसते, फटीतून बॅटरी मारली तर फिन्सच्या कडा दिसतात, त्याही स्वच्छ, आणि तरी पुढच्या खेपेला मॉवर तसाच बंद पडतो. मग आपण काय करणार, कूलिंग तर झालं म्हणून कार्ब्युरेटरकडे वळतो, कॉइलवर संशय घेतो, पेट्रोल फिल्टर बदलतो, आणि खरं कारण कव्हरखाली आरामात बसलेलं असतं. मला याचाच सगळ्यात जास्त वैताग आला. कचरा राहिला याचं एवढं काही नाही, पण कूलिंगवर फुली मारून पुढच्या कारणाकडे जाता येत नाही, शंका मनात राहतेच.

कव्हर उतरवल्यावर हे असं का होतं ते दिसलं. फ्लायव्हीलच्या पंख्याने खेचलेली हवा कव्हरमधून आधी सिलिंडरवर आणि मग हेडवर (सिलिंडरच्या टोकाच्या झाकणावर) जाते, आणि हेडच्या फिन्समधल्या फटी एक्झॉस्ट व्हॉल्व्हच्या (जळका वायू बाहेर सोडणाऱ्या झडपेच्या) आसपासही अरुंद असतात, म्हणजे जिथे उष्णता सगळ्यात जास्त तिथेच. व्हॉल्व्ह कव्हरच्या गॅस्केटमधून किंवा ब्रीदरमधून (इंजिनातली वाफ बाहेर सोडणाऱ्या नळीतून) थोडंसं ऑइल पाझरलं की गवताची बारीक पूड त्यात कालवली जाते आणि उष्णतेने वाळून असा थर होतो की इंजिनाने गोधडी पांघरली आहे असंच वाटतं. माझ्या मॉवरला तो थर स्क्रूड्रायव्हरने उचकटला तर फिन्सच्या आकाराच्या वड्याच निघाल्या, तळाशी काळ्या आणि वर हिरवट. असा थर हवेने हलत नाही. उलट वरून मारलेल्या हवेने सुटं कातण आणखी आत ढकललं जातं आणि त्याच थरावर जाऊन बसतं. व्ही-ट्विन, म्हणजे V आकारात दोन सिलिंडरचं इंजिन असेल तर आणखी गंमत, एक सिलिंडर बऱ्यापैकी स्वच्छ आणि दुसरा पूर्ण बुजलेला असं असू शकतं, आणि ऑइल कूलर असेल तर त्याच्या फिन्स आतल्या बाजूने भरतात, बाहेरून पत्ताही लागत नाही. शिवाय मॉवर बरेच दिवस उभा असेल तर उंदराचं घरटं हमखास याच कव्हरखाली सापडतं, ते हवा मारून कसं निघणार.

कव्हर काढायचं म्हणजे लोक घाबरतात त्या मानाने काम सोपं आहे. बॅटरीची निगेटिव्ह आणि प्लगची वायर आधी काढा. बोल्ट गोटी पान्याने निघतात, पण सगळे एका लांबीचे नसतात, म्हणून पुठ्ठ्यावर कव्हरचा आकार काढून ज्या जागेचा बोल्ट त्याच जागी खोचून ठेवा. काही इंजिनांत पेट्रोल पंप आणि एअर फिल्टरचा बेस कव्हरलाच अडकवलेला असतो, तो सोडवावा लागतो आणि कार्ब्युरेटरचं तोंड कापडाने बंद करावं लागतं. मग लाकडाची पट्टी, नायलॉनचा ब्रश, चिकट असेल तर डिग्रीझर आणि शेवटी हवा. हवा इथे खरी कामाची, कारण आता ती कुठे जातेय ते दिसतं. कव्हर निघालंच आहे तर फ्लायव्हीलच्या पंख्याची पाती तुटलीत का बघा आणि सिलिंडरभोवतीचे छोटे पत्रे सगळे जागेवर आहेत का तेही बघा, कारण एखादा पत्रा आधीच्या दुरुस्तीत राहून गेला तर हवा फिन्सवरून न जाता भलतीकडूनच निघून जाते.

त्रासही आहे हे कबूल. बोल्ट ॲल्युमिनियममध्ये बसलेले असतात, जास्त जोर लावला तर आटे जातात. गंजलेला बोल्ट डोकं तुटून आत राहू शकतो. काही मॉडेलांत बॉनेट आणि मफलरची जाळी काढल्याशिवाय हात जात नाही, तिथे अर्धा दिवस जातो. आणि बसवताना कॉइलची किल वायर (चावी बंद केली की स्पार्क थांबवणारी वायर) कव्हरखाली दबली तर स्पार्क मिळत नाही, मग चांगलं चालणारं इंजिन चालूच होत नाही आणि माणूस गोंधळतो. कव्हर न बसवता 'जरा चालवून बघू' असं मात्र करू नका, कव्हर नसेल तर हवा फिन्सवर जातच नाही आणि इंजिन आणखी झपाट्याने तापतं, शिवाय फिरतं फ्लायव्हील उघडं.

प्रेशर वॉशरचा पर्याय काहीजण सांगतात, मी त्याच्या वाटेला जात नाही. गरम ॲल्युमिनियमवर गार पाणी नको, आणि ओलं कातण वाळल्यावर आणखी घट्ट बसतं.

कव्हरवाल्या पद्धतीचा खरा फायदा मला वाटतं तो साफ केल्यानंतर कळतो. फिन्स डोळ्यांनी बघितलेल्या असल्या आणि तरीही तापलं, तर पुढचा तपास सरळ होतो. ऑइल कमी आहे का, किंवा जास्त भरलंय का, जास्त भरलेल्यानेही तापतं. साधारण 27 अंशांच्या वरच्या उन्हाळ्यात 10डब्ल्यू-30 या ग्रेडचं ऑइल भरलं असेल तर काही इंजिनं ऑइल जास्त पितात, तिथे एसएई 30 ग्रेड किंवा मॅन्युअलमध्ये सांगितलेलं सिंथेटिक बरं. प्लगची चिनीमाती पांढरीफटक असेल तर मिश्रण पातळ आहे, म्हणजे त्यात पेट्रोल कमी आणि हवा जास्त, म्हणजे जेट (कार्ब्युरेटरमधलं पेट्रोलचं बारीक भोक) अर्धवट बुजलाय किंवा इनटेकच्या गॅस्केटमधून हवा शिरतेय. गवत कापायची पाती बोथट असतील, डेक खालून भरला असेल तर इंजिन उगाच जास्त ओढतं. आणि थ्रॉटल अर्धा ठेवून कापायची सवय असेल तर ती सोडा, पंखा फ्लायव्हीलवरच आहे, आरपीएम कमी म्हणजे हवाही कमी, कापताना थ्रॉटल पूर्णच हवा. एवढं सगळं बघूनही ताकद नसेल आणि धूर येत असेल तर हेड गॅस्केट उडालेलं असू शकतं, पण त्यासाठी नुसत्या कॉम्प्रेशन गेजवर विसंबू नका, बऱ्याच इंजिनांत स्टार्ट करताना कॉम्प्रेशन आपोआप सोडणारी व्यवस्था असते त्यामुळे आकडा कमीच येतो, लीक-डाउन टेस्ट, म्हणजे सिलिंडरमध्ये हवा भरून ती किती आणि कुठून गळते ते बघणारी चाचणी, करून घ्या.

तेव्हा ठरवायचं असेल तर असं बघा. मॉवर नवा आहे, कधीच तापलेला नाही, वेळही नाही, तर दर कापणीनंतर हवा मारत राहा, काही बिघडत नाही. पण एकदा जरी तापून बंद पडला असेल, किंवा जुना घेतलेला असेल आणि आधीच्या मालकाने काय केलंय माहीत नसेल, तर मी तरी आधी कव्हर उतरवीन, बाकी कुठलाही पार्ट विकत घ्यायच्या आधी. मॅन्युअलमध्ये सहसा वर्षातून एकदा किंवा 100 तासांनी असं दिलेलं असतं, धुळीत किंवा वाळक्या गवतात काम असेल तर त्याच्या निम्म्यातच उघडलेलं बरं, कारण हेड इतकं तापत राहिलं की व्हॉल्व्हची गाइड (झडपेला सरळ धरणारी नळी) जागेवरून सरकते, पुशरॉड (झडप ढकलणारा दांडा) वाकतो आणि मग काम सफाईचं न राहता हेड उतरवायचं होतं. कव्हर परत बसवल्यावर फ्लायव्हील हाताने एक-दोन फेरे फिरवून कुठे घासत नाही ना ते बघा, मग चालू करा, आणि चावीने बंद होतंय का ते पहिल्या मिनिटातच तपासा.