एल्कसाठी 7 मिमी मॅग्नम: बाकी सगळं झकास, त्या पट्ट्याने डोकं उठवलं

रेंजवर बार काढला, बोल्ट मागे ओढला, तर पुंगळीचं नुसतं बूड बाहेर आलं. वरचा भाग चेंबरमध्येच घट्ट बसलेला. रायफल कंपनीला फोन केला. "काडतूस घरी भरलेलं होतं का?" एवढं विचारलं आणि तिथेच वॉरंटीवर पाणी सोडावं लागलं. बंदूक दुरुस्त करणाऱ्या गनस्मिथने पाच मिनिटांच्या कामाचे 60 डॉलर उकळले ते वेगळेच. पुंगळीच्या बुडाशी असलेल्या पट्ट्यापायी हे झालं नसतं तर 7 मिमी रेमिंग्टन मॅग्नमचं मी गुणगानच लिहिणार होतो.

कोलोरॅडोत एल्कसाठी, म्हणजे तिथल्या थोराड हरणासाठी, रायफल घ्यायची ठरली तेव्हा नजरेत तीन कॅलिबर होती: 6.5 क्रीडमूर, 7 मॅग (म्हणजे हीच 7 मिमी रेमिंग्टन मॅग्नम) आणि .300 विन मॅग. मित्राची .300 चालवून पाहिली. चार-पाच बारांत खांदा ठणकायला लागला आणि घोडा दाबायच्या आधीच डोळे मिटायला लागले. नाव कट. क्रीडमूर कायद्यात आरामात बसतं. इथे एल्कसाठी किमान 6 मिमी कॅलिबर, 85 ग्रेन वजनाची गोळी आणि 100 यार्डांवर 1000 फूट-पाउंड ऊर्जा एवढंच लागतं. पण शिकारी मंडळी 1500 च्या आकड्यावर अडून बसतात. क्रीडमूरची 143 ग्रेनची गोळी 400 यार्डांच्या आसपास त्याच्या खाली उतरते, 7 मॅगची 162 ग्रेनची 600 पर्यंत तग धरते. समोर तीनशे किलोचा नर असणार, मग मॅग्नमच घेतली.

दोन-तीन सीझननंतर हे मत बरंच पातळ झालंय. फ्लॅट टॉप्सच्या पठारावर माझ्या बाजूचं गवत स्तब्ध असतं आणि दरीपलीकडच्या अ‍ॅस्पेनची पानं सळसळत असतात. ताशी 10 मैलांचा आडवा वारा 500 यार्डांवर क्रीडमूरला साधारण 15 इंच ढकलतो, 7 मॅगला 13. दोन इंचांसाठी एवढा खर्च! वाऱ्याचा अंदाज पाच मैलांनी हुकला की दोन्हींत सहा-सात इंच गेलेच. तो अंदाज सुधारतो फक्त बार काढून काढून, आणि तयार काडतूस पडतं अडीच-तीन डॉलरला एक. सराव करताना प्रत्येक बाराला मनात रुपयांत गुणाकार चालतो. त्यामुळे माझी मर्यादा 400 यार्डांवर येऊन थांबली, आणि तिथवर क्रीडमूरही चाललं असतं. आजवरचे माझे एल्क तर सगळे 350 च्या आतच पडलेत. एल्कच्या खांद्यामागे बाँडेड (आवरण आणि शिसं एकजीव केलेली) गोळी बसली की कॅलिबर कुठलं हे कोणी विचारत नाही.

खर्च वाचवायला मी पुंगळ्या पुन्हा भरायला लागलो, आणि इथे तो पट्टा आडवा आला. पुंगळीच्या बुडाशी हे जे कडं आहे ते 1912 च्या .375 हॉलंड अँड हॉलंडकडून आलेलं. त्या काडतुसाचे खांदे, म्हणजे पुंगळी तोंडाकडे निमुळती होते तो भाग, उतरते, म्हणून चेंबरमध्ये टेकायला पट्टा हवा होता. 7 मॅगला खांदे चांगले ठसठशीत आहेत, तरी 1962 मध्ये पट्टा ठेवलाच, कारण तेव्हा मॅग्नम म्हटलं की पट्टा! काडतूस पट्ट्यावर टेकतं, खांद्यापुढे मोकळी जागा राहते, आणि पहिल्याच बाराला पुंगळी ताणून पट्ट्याच्या जरा वर पातळ होते. बाहेरून तिथे एक चकचकीत रेघ दिसते. पेपरक्लिपचं टोक वाकवून आतून फिरवलं की ते खाचेत अडकतं. अडकलं की पुंगळी भंगारात.

उपाय आहे. डाय, म्हणजे पुंगळी दाबून पुन्हा मापात आणणारा साचा, पूर्ण खाली न बसवता खांदा जेमतेम दोन हजारांश इंच मागे जाईल एवढीच लावायची, म्हणजे काडतूस पट्ट्यावर न टेकता खांद्यावर टेकतं. असं भरलेल्या पुंगळ्या आता जास्त टिकतायत आणि ग्रुपही आवळलाय, म्हणजे गोळ्या जवळजवळ लागतायत. पण हे मॅन्युअलच्या पहिल्या पानावर ठळक छापायला काय झालं होतं?

नव्याने घेणाऱ्याने 400 च्या आत राहायचं असेल तर क्रीडमूर घ्यावं आणि वाचलेले पैसे सरावात घालावेत. 7 मिमीच हवं असेल तर 2022 चं 7 पीआरसी हे काडतूस बघा, त्याला पट्टाच नाही. माझ्या रायफलचा बोल्ट त्याला चालतो, फक्त नळी बदलावी लागेल. आत्ताची झिजली की तेच करणार आहे. तोवर डबाभर पट्टेवाल्या पुंगळ्या पडल्यात, त्या काही मी फेकून देणार नाही.